शमुवेल तर देवळातच झोपायचा : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

सगळ्यांना सलाम. या वेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर बहुतेक पत्रं एकाच विषयावरची, मुलं मोठी झाली आणि चर्चपासून लांब चालली. आयांची पत्रं आहेत, वडिलांची आहेत, एका तरुण संघाच्या लीडरचं आहे, आणि एक तर सतरा वर्षांच्या मुलीनेच लिहिलंय, ते मुद्दाम शेवटी ठेवलंय. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही म्हणून सहा निवडली. नावं कोणाचीच देत नाहीये.

प्रश्न : ताई, सलाम. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, दहावीला. लहानपणी शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या मुलांच्या वर्गात, वचनपाठात नेहमी पहिला यायचा, नाताळच्या नाटकात योसेफ व्हायचा, आता रविवारी उठतच नाही. ओढून नेलं तर मागच्या बाकावर बसून मोबाईल बघतो. परवा म्हणाला, आई, मी फक्त तुझ्यासाठी येतो, मला त्यात काहीच वाटत नाही. मी रात्रभर रडले. त्याचे पप्पा म्हणतात चर्च नाही तर मोबाईल नाही. जबरदस्ती करू का सोडून देऊ? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, ज्या मुलाकडून मांडीवर बसवून स्तोत्र तेवीस पाठ करून घेतलं त्यानेच असं म्हणावं म्हणजे काळजाला लागणारच. पण त्याचं वाक्य परत एकदा वाचा ना. तो तुमच्याशी खोटं बोलला नाही. डोळे मिटून हात जोडून तुमच्या शेजारी बसला असता आणि आत काहीच नसतं, तर तुम्हाला कधी कळलंही नसतं आणि तुम्ही निवांत झोपला असता. त्याने आईला खरं सांगितलं, म्हणजे तुमच्या घरात खरं बोलायला अजून जागा आहे, आणि ती जागा आता रागाने बंद करू नका एवढंच माझं पहिलं सांगणं.

शमुवेलाची गोष्ट आठवा. आपण ती लहान मुलांना सांगतो आणि पुढे विसरून जातो, पण ती खरं तर आईबापांसाठीच आहे असं मला दिवसेंदिवस वाटायला लागलंय. हन्नाने नवस बोलून मागितलेला मुलगा, दूध तुटल्यावर देवाच्या घरी आणून सोडलेला, सकाळी देवळाची दारं उघडणारा, देवाच्या कराराचा कोश, म्हणजे पवित्र पेटी होती तिथेच झोपणारा. आपली मुलं आठवड्यातून दोन तास चर्चमध्ये असतात, हा तर चोवीस तास तिथेच. आणि तरी पहिल्या शमुवेलच्या तिसऱ्या अध्यायात, सातव्या वचनात स्पष्ट लिहिलंय की त्याला अजून परमेश्वराची ओळख झाली नव्हती. काम सगळं येत होतं, ओळख नव्हती. तुमच्या मुलाचं आज हेच झालंय, वचनं पाठ आहेत, गाणी येतात, ओळख नाही. शास्त्रात हे दोष म्हणून लिहिलेलं नाहीये, नुसतं सांगितलंय, अजून झाली नव्हती. तो "अजून" शब्द धरून ठेवा.

मग रात्री देवाची हाक आली तेव्हा पोरगं तीनदा म्हाताऱ्या एली याजकाकडे पळालं. पहिल्या दोन वेळा तर एलीलाच कळलं नाही, मी नाही हाक मारली, जा झोप म्हणाला. तिसऱ्यांदा त्याच्या लक्षात आलं आणि त्याने काय केलं, तर परत पाठवलं. हाक आली तर म्हण, बोल, तुझा दास ऐकत आहे. त्याच्याबरोबर उठून गेला नाही, त्याच्या वतीने उत्तर दिलं नाही. आपल्याला नेमकं हेच जमत नाही. आपल्याला वाटतं आपणच त्याच्या वतीने "हो" म्हणून टाकावं.

आणि अजून एक गोष्ट, हन्ना दरवर्षी यज्ञाला जाताना त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून न्यायची. दरवर्षी नवा, कारण मुलगा वाढत होता, मागच्या वर्षीचा यंदा खांद्यात अडकणारच. आपण मात्र आठव्या वर्षी शिकवलेलं पंधराव्या वर्षी तसंच घालायला लावतो, तेच नोहाचं तारू, तीच कृतींची गाणी, तेच "देवाला आवडत नाही हं असं". त्याला ते होत नाहीये. त्याला आता ईयोब वाचून दाखवा, उपदेशक वाचा, सगळं व्यर्थ आहे म्हणणारं पुस्तक पवित्र शास्त्रात आहे हे पंधरा वर्षांच्या मुलाला कळलं की तो जरा सरसावून बसतो, मी वर्गात कितीदा बघितलंय.

आता जबरदस्तीचं. घराचा नियम आणि विश्वास या दोन गोष्टी वेगळ्या करा. "आपण रविवारी सगळे मिळून उपासनेला जातो" हा घराचा नियम, जसं आजोबांच्या वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेला सगळ्यांनी जायचं तसा, त्याला राग आला तरी चालेल, शांतपणे सांगा, रोज कटकट नको. पण मोठ्याने प्रार्थना कर, साक्ष दे म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सगळ्यांसमोर सांग, पुढे उभं राहून गा, प्रभुभोजन घे, यातलं काहीही ढकलून करायला लावू नका. शरीर बाकावर आणता येतं, पुढचं आपल्या हातात नाही. आणि मोबाईलचं त्याच्या पप्पांना प्लीज सांगा, चर्चला मोबाईलची किंमत बनवू नका, उद्या मोबाईल त्याच्या पगाराचा असेल तेव्हा काय करणार.

एक अवघड गोष्ट विचारते, मनाला लावून घेऊ नका. रविवारी सकाळी क्लासची टेस्ट असली की घरात काय म्हणतो आपण? आज राहू दे चर्च, दहावी आहे. बरोबर ना? जवळजवळ सगळ्या घरांत हेच आहे. आणि चर्चमधून घरी येताना गाडीवर, नाहीतर दुपारी मटणाच्या ताटावर, पाळकसाहेबांची, कमिटीची, कोणी किती वर्गणी दिली त्याची चर्चा. मुलं हे सगळं ऐकतात आणि आपण बोलतो काय आणि आपल्याला खरं महत्त्वाचं काय वाटतं याचा हिशोब मनात पक्का ठेवतात.

हे मी स्वतःच्या घरातलं सांगतेय. माझी मुलगी सोळा वर्षांची असताना मी तिला मंडळीसमोर साक्ष द्यायला उभं केलं होतं. छान बोलली, सगळ्यांनी कौतुक केलं, मीही फुलून गेले. चारेक वर्षांनी एकदा भाजी निवडत बसलो होतो, मेथीची जुडी होती अजून आठवतं, ती मान वर न करता म्हणाली, आई, त्या दिवशी मी जे बोलले ना, ते सगळं तुझं होतं. त्यानंतर मी तिला विश्वासाबद्दल काही शिकवायला गेले नाही, फक्त माझं मी सांगायला लागले, आज प्रार्थना करावीशी वाटली नाही, आज केली, या माणसाला माफ करायला जमत नाहीये. ती हळूहळू तिचं सांगायला लागली.

तुमच्या घरी हे त्याच्या पप्पांनी करायला हवं. उपदेश नको. नोकरी गेली होती, कर्जाचा हप्ता थकला होता, तेव्हा मी देवाला काय म्हणालो आणि काय झालं, काय झालं नाही, असं. आणि समोरासमोर बसवून नको, मुलगे तसे बोलत नाहीत. पवित्र शास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात म्हटलंय ना, मुलांशी देवाच्या वचनांबद्दल बोला, घरी बसलेले असताना आणि वाटेने चालताना. त्याला क्लासला सोडायला गाडीवर न्यायचं, तो मागे बसलेला असतो, तोंड दिसत नाही, तिथे मुलगे बोलतात.

प्रश्न : ताई, माझी आई मागच्या वर्षी कॅन्सरने गेली. सात महिने आम्ही सगळे रोज रात्री प्रार्थना करायचो, मुलीने तर उपास पण केले, ती सोळा वर्षांची आहे, आजीवर फार जीव. आई गेल्यावर घरी भेटायला आलेले एक जण बोलून गेले की कुठेतरी विश्वास कमी पडला असेल. त्या दिवसापासून मुलीने प्रार्थना बंद केली. आजीचं पवित्र शास्त्र तिने कपाटात मागे ठेवून दिलंय, कोणाला हात लावू देत नाही. मला काय बोलावं सुचत नाही. – एक वडील, पिंपरी

उत्तर : दादा, आधी तुमच्या मुलीला हे वाचून दाखवा. बाळ, त्या माणसाने जे सांगितलं ते चूक आहे. तुझ्या विश्वासात काही कमी पडलं नाही, तुझ्या उपासात काही कमी पडलं नाही. गेथशेमानेत येशूने स्वतः मागितलं की हा प्याला माझ्यापासून दूर कर, आणि प्याला दूर झाला नाही. त्याचा विश्वास कमी होता असं कोणी म्हणेल का? पौलाने त्याच्या देहातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा गेला नाही. कोणी तुला परत असं म्हणालं तर या दोन गोष्टी त्याच्यासमोर ठेव.

आता तुम्हाला सांगते दादा. मोठ्यांपैकी कोणीतरी तिची माफी मागायला हवी. ज्याने म्हटलं तो मागणार नाही, तुम्ही मागा, की त्या दिवशी मी तिथे बसलो होतो आणि गप्प राहिलो, मला बोलायला हवं होतं. हे एक वाक्य तिला दहा प्रवचनांपेक्षा जास्त लागेल.

मग उत्तर द्यायची घाई करू नका. आजी का गेली याचं उत्तर तुमच्याकडे नाही, माझ्याकडे नाही, पाळकांकडेही नाही, आणि "देवाने चांगली माणसं लवकर नेली" असलं काही बोलू नका, त्याने तिला देवाचा अजून राग येईल. मार्था-मरीया दोघींनी येशूला तोंडावर म्हटलं की तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. तो त्यांना गप्प बसा म्हणाला नाही, आणि थडग्याकडे जाताना स्वतः रडला. स्तोत्र ८८ बघा, बाकीची रडगाणी शेवटी तरी वळतात, आशेचं काहीतरी म्हणतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, देवाला उद्देशून आहे. म्हणजे देवावर चिडून देवाशी बोलणं ही पण प्रार्थनाच आहे, हे तिला कोणीतरी सांगायला हवं. तिला वाटत असेल प्रार्थना म्हणजे फक्त "हे प्रभू तुझे उपकार". तिला म्हणा, तुला जे म्हणायचंय ते वहीत लिही, शिव्या आल्या तरी लिही, मी वाचणार नाही.

आणि ते कपाटातलं पवित्र शास्त्र. दादा, तिने ते फेकलं नाही, दुसऱ्या कोणाला दिलं नाही, कोणाला हात लावू देत नाही. जपून ठेवलंय ना तिने. तुम्ही ते काढायला सांगू नका. आजीने त्यात समासात काही लिहिलं असेल, तारखा घातल्या असतील, आपल्या आया-आज्या हमखास घालतात, कोण आजारी होतं, कोणाची परीक्षा होती, अमुक दिवशी हे वचन मिळालं. ती एक दिवस स्वतः उघडेल आणि त्यात कदाचित तिचंच नाव सापडेल. उघडेपर्यंत थांबा. घरात संध्याकाळची प्रार्थना चालू ठेवा, छोटी ठेवा, ती बसली तर बसू द्या, आत गेली तर जाऊ द्या, दार मात्र उघडं असू द्या म्हणजे आवाज जाईल.

प्रश्न : आमचा मुलगा आठवीत आहे. शाळेतली मुलं त्याला म्हणतात तुम्ही पैसे घेऊन बाटलात, तुमचा देव इंग्रजांचा. तो आता गळ्यातला क्रॉस शर्टच्या आत घालतो, नाताळला मित्रांना घरी बोलवू नका म्हणाला. – आई-बाबा, श्रीरामपूर

उत्तर : क्रॉस आत घातला म्हणून त्याला रागवू नका, तेरा-चौदाव्या वर्षी वेगळं दिसणं फार जड जातं. पण त्याला स्वतःच्या घराचा इतिहास माहीत नाहीये आणि ती चूक आपली आहे. मित्राने दोन वाक्यं ऐकवली आणि याच्याकडे उत्तरच नव्हतं.

त्याला सांगा की फादर स्टीफन्सने मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण लिहिलं ते १६१६ साली छापलं गेलं, तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही झाला नव्हता. जन्माने इंग्रज असलेला माणूस, आपल्या भाषेवर इतका भाळला की तिचं कौतुक करणाऱ्या ओव्या त्याच पुराणात लिहून गेला. 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये तुमच्याच जिल्ह्यातून, नगरहून निघालं. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि मग अभंग, भजन, कीर्तन असं मराठी मातीतलं सगळं येशूच्या पायाशी आणून ठेवलं. आपण रविवारी जी भजनं पेटी-तबल्यावर म्हणतो त्यातली कितीतरी त्यांची आहेत. तो देव इंग्रजांचा कसा होईल, जन्माला आला तो बेथलेहेमात, आशियातच.

आणि पैशांचं म्हणाल तर ते पण खरंखरं सांगा, लपवू नका. नगर जिल्ह्यातल्या आपल्यापैकी बहुतेकांचे खापरपणजोबा गावकुसाबाहेरचे होते. विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, शाळेत बसू देत नव्हते. दुष्काळ पडले, १८७६ चा, मग शतकाच्या शेवटचा, १८९९-१९०० चा, ज्याला विक्रम संवत १९५६ वरून छप्पन्नचा म्हणतात तो, तेव्हा मिशनने धान्य दिलं, पोरांना शाळेत घेतलं, शेजारी बसवलं. भूक होती, त्यात लाज कसली? उपाशी माणसाला ज्याने भाकरी दिली आणि नावाने हाक मारली त्याच्याकडे तो गेला. त्या माणसांच्या नातवंडांनी शिक्षक, नर्सेस होऊन गावोगाव काम केलं. तुमच्या घरातलं असं कोणी असेल तर त्यांचा फोटो काढा, मुलाला नावानिशी सांगा.

पण एवढ्यावर थांबू नका. घराण्याचा अभिमान म्हणजे विश्वास नाही, तो येशूला ओळखायला लागला तरच पुढे टिकेल. आणि उलट टोमणे मारायला शिकवू नका, पेत्राने लिहिलंय की आशेबद्दल कोणी विचारलं तर उत्तर द्या पण सौम्यतेने आणि आदराने. मित्राच्या घरी दिवाळीचा फराळ आवडीने खायचा आणि नाताळला त्याला आपल्याकडच्या करंज्या, केक द्यायचा. यंदा तो नको म्हणाला तर राहू द्या. पुढच्या वर्षी बघू.

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, म्हणते बिग बँग खरं असेल तर उत्पत्तीचं पुस्तक खोटं. शब्बाथ शाळेत विचारलं तर बाईंनी गप्प बसवलं. – मुंबई

उत्तर : गप्प बसवायला नको होतं. येशू बारा वर्षांचा असताना मंदिरात गुरुजनांमध्ये बसून काय करत होता, ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता, लूक २:४६. तिला सांगा विश्व प्रसरण पावतंय आणि एका आदिकणापासून सुरू झालं असावं ही कल्पना मांडणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथोलिक धर्मगुरू होता, आणि तिच्या बायोलॉजीच्या पुस्तकातला वाटाण्यांवर प्रयोग करणारा मेंडेल मठातला संन्यासी होता. दोघांनाही उत्पत्ती फेकून द्यावं लागलं नाही. उत्पत्तीचा पहिला अध्याय विश्व कोणाचं आहे हे सांगतो, फिजिक्सचं पुस्तक ते कसं चालतं हे सांगतं. तिला घेऊन मंडळीतल्या एखाद्या डॉक्टर, इंजिनिअर, प्रोफेसरकडे चहाला जा, जो विज्ञान शिकलाय आणि गुडघे टेकतो. अशा एका माणसाशी ओळख होणं फार मोलाचं असतं.

प्रश्न : मी तरुण संघाचा लीडर आहे. दरवर्षी मे महिन्यात कॅम्प घेतो. शेवटच्या रात्री मुलं रडतात, पुढे येतात, जीवन समर्पण करतात, आणि जुलैपर्यंत निम्मी गायब. पुढच्या वर्षी तीच मुलं परत पुढे येतात. काय चुकतंय? म्युझिक अजून चांगलं हवं का? – पुणे

उत्तर : म्युझिकचं काही नाही रे. ती मुलं खोटं रडत नाहीत हे आधी धरून चल, त्या रात्री त्यांना जे वाटतं ते खरंच वाटतं. पण घरापासून लांब, तीन रात्री जागरण, मंद लाइट, शेजारची मैत्रीण रडतेय, तेव्हा माणूस हलतोच. देव त्यातूनही काम करतो, नाही असं नाही, पण सोमवारी सकाळी सहाच्या लोकलच्या गर्दीत नाहीतर कॉलेजच्या कट्ट्यावर त्याचं काय करायचं हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. आणि दरवर्षी परत पुढे बोलावलं की मुलांना वाटतं मागच्या वर्षीचं खरं नव्हतं, आपल्याला जमतच नाही, मग दोन-तीन वर्षांत ती स्वतःवरच विश्वास ठेवायचं सोडतात. यंदा ते पुढे बोलावणं एकदा बंद ठेवून बघ.

त्याऐवजी त्यांना काम दे. खरं काम, ज्यावाचून मंडळीचं अडेल असं. आपण तरुणांना काय देतो, तर खुर्च्या लावा, नाताळचे स्टार टांगा. त्यांच्यातल्या दोघांना दर पंधरा दिवसांनी एकेका एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या आजी-आजोबांकडे पाठव, नेमून दे, तेच दोघे तेच घर. औषधं आणायची, मोबाईलचा रिचार्ज करून द्यायचा, एक अध्याय वाचून दाखवायचा कारण आजींना आता दिसत नाही. मुलगा सतरा वर्षांचा, स्वतः शास्त्र उघडत नव्हता, पण आजींना वाचून दाखवायचं म्हणून योहानाचं अख्खं शुभवर्तमान त्याच्या तोंडून गेलं, असं माझ्या डोळ्यांसमोर झालंय. आजी मध्येच थांबवायच्या आणि म्हणायच्या, हे परत वाच, आणि मग त्यांच्या नवऱ्याच्या दारूची, माफ कसं केलं त्याची गोष्ट सांगायच्या. ते त्या मुलाला कुठल्या कॅम्पमध्ये मिळणार होतं?

पौलाचा तरुण सोबती तीमथ्य, त्याचा विश्वास पौलाला दिसला तो आधी लोईस आजीत आणि युनीके आईत होता, असं पौलच लिहितो. आपल्या मंडळ्यांमध्ये तरुण वेगळे, महिला मंडळ वेगळं, वडीलधारे वेगळे, सगळे आपापल्या खोलीत. या भिंती तू थोड्या पाड. शिवाय हिशोबाची वही एखाद्या मुलीकडे दे, कमिटीत एका तरुणाला बसू दे, त्याचं ऐका. आणि जो जुलैमध्ये येईनासा झाला त्याच्या घरी जा. फोन, मेसेज नको, स्वतः जा, जाताना गरम भजी घेऊन जा, का आला नाहीस विचारू नको, बस आणि ये.

प्रश्न : ताई, मी सतरा वर्षांची आहे. पुढच्या महिन्यात बिशपसाहेब येणार आहेत, आमच्या बॅचचं दृढीकरण आहे, म्हणजे मंडळीसमोर आपला विश्वास स्वतः कबूल करायचा विधी. क्लास सगळे केले, प्रश्नोत्तरं पाठ आहेत. पण मला आतून वाटत नाही की मी तयार आहे. माझा विश्वास आहे का नाही तेच नीट सांगता येत नाही, कधी असतो कधी नसतो. घरी सांगू शकत नाही, पांढरा ड्रेस शिवून झालाय, कोल्हापूरहून मामा-मामी येणार आहेत, जेवणाची ऑर्डर गेलीये. मी नाही म्हटलं तर देवाला राग येईल का? आणि हो म्हटलं तर ते खोटं बोलणं होईल का? – एक मुलगी

उत्तर : बाळ, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. या गठ्ठ्यातल्या सगळ्या आई-वडिलांना आपल्या मुलांमध्ये जे हवंय ना, ते तुझ्या पत्रात आहे. देवासमोर खोटं बोलायचं नाही याची तुला एवढी काळजी आहे, ती कुठून आली असेल याचा जरा विचार कर.

देवाला राग येणार नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं तुला माहीत असेल, स्मृतिचित्रे लिहिणाऱ्या. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांनी घेतला नाही. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बायकोही झाली असं त्या काळी किती सोपं होतं, पण त्या नाही झाल्या, रडल्या, भांडल्या, वेगळ्या राहिल्या, आणि पाचेक वर्षांनी स्वतःला पटलं तेव्हाच पाऊल टाकलं. त्यांनीच पुढे टिळकांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तायन, येशूच्या जीवनावरचं काव्य, पुरं केलं. पंडिता रमाबाईंचं उलट झालं, त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, मनापासून घेतला, आणि आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त अजून मिळाला नव्हता. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. देवाने दोघींनाही सोडलं नाही. कोणी पाच वर्षं उशिरा आली, कोणी आठ वर्षं आधी, त्याने वाट बघितली.

आता तुझं. "कधी असतो कधी नसतो" म्हणालीस. मार्कच्या नवव्या अध्यायात एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन येतो आणि येशूला ओरडून म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. दोन्ही एका श्वासात. येशूने त्याला आधी नक्की ठरवून ये असं म्हटलं नाही, मुलाला बरं केलं. तेव्हा शंका आहे म्हणजे तयार नाही असं नसतं. बिशपसाहेब तुला विचारतील ते "तुला कधीच शंका येत नाही ना" असं नसतं, ख्रिस्ताच्या मागे चालायचंय का हे विचारतील. तुला त्याच्या मागे जायचंय का? दमली असशील, गोंधळली असशील, तरी त्याच्याच मागे जायचंय असं आत कुठेतरी असेल, तर हो म्हण, ते खोटं होणार नाही. आणि तेही नसेल, फक्त ड्रेस आणि मामा-मामींसाठी हो म्हणणार असशील, तर थांब.

पण हे एकटीने ठरवू नको. या आठवड्यात पाळकसाहेबांना भेट, क्लास संपल्यावर सगळ्यांसमोर नको, घरी जा, त्यांच्या मिसेस असतील त्यांच्याशी आधी बोल हवं तर. हे पत्रच त्यांना वाचायला दे. आणि आईला सांग. मला माहितीये आधी ती घाबरेल, लोक काय म्हणतील म्हणेल, एखादा दिवस बोलणार नाही. तिला हा अंक दे आणि नाशिकच्या ताईंचं पत्र वाचायला सांग, मग तुझं.

थांबायचं ठरलं तर जेवणाची ऑर्डर रद्द करू नका. मामा-मामींना येऊ दे, सगळ्यांनी बसून जेवा, आजोबांना प्रार्थना करायला सांगा. आणि तो पांढरा ड्रेस जपून ठेव, शिवणीत थोडं कापड ठेवलंय का ते टेलरला विचारून घे, पुढच्या वर्षी उसवून मोठा करता येईल.